फुंडकर, पांडुरंग पुंडलिक

(२१ ऑगस्ट १९५०–३१ मे २०१८). महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य, लोकसभेचे तीन वेळा सदस्य, विधान परिषदेतील विरोधी पक्षनेते व राज्याचे कृषिमंत्री. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात जन्म. खामगाव ही त्यांची कर्मभूमी. कार्यकर्त्यांत व मतदारांत ते ‘भाऊसाहेब’ या नावाने ओळखले जात. सुमारे चाळीस वर्षांच्या त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा फार मोठा भाग विरोधी बाकांवर गेला. शेतीचे खाते त्यांच्याकडे आले, ते वयाच्या सहासष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. खात्यावर ते तेवीस महिने होते. वऱ्हाडातील कोरडवाहू कापूस-उत्पादकाचा प्रश्न विधिमंडळात कसा मांडला गेला व शासनाच्या हाती आल्यावर त्याचे काय झाले, हे समजण्यास त्यांचे चरित्र उपयोगी पडते.

बुलढाणा जिल्ह्याचे नैसर्गिक दृष्ट्या दोन भाग पडतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारी प्रदेशास तेथील लोक ‘घाटावर’ म्हणतात, तर उत्तरेकडील पूर्णा नदीच्या खोऱ्यास ‘घाटाखाली’ म्हणतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा ही गावे घाटावरची. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद ही घाटाखालची. घाटाखालची जमीन काळी, खोल व कपाशीस अनुकूल आहे. मात्र पूर्णेच्या दोन्ही अंगांस, बुलढाणा, अकोला व अमरावती या तीन जिल्ह्यांत, पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारे असल्याने विहीर खोदूनही शेतकऱ्यास ओलिताची सोय होत नाही. पावसाने हात आखडला, की तेथील शेतकऱ्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही. या मातीचे अर्थकारण कापसाभोवती गुंफले गेले ते एकोणिसाव्या शतकात. १८५३ च्या करारान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) हिंदुस्थानी कापसाला मागणी वाढली आणि खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची एक मोठी पेठ झाली. जलंब स्थानकापासून खामगावपर्यंतचा सुमारे १३ कि.मी.चा लोहमार्गाचा फाटा मुख्यतः कापसाच्या गाठी वाहून नेण्यासाठी घालण्यात आला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी १८७० मध्ये त्याचे उद्‍घाटन केले. सरकी काढणारे जीन व रुईच्या गाठी बांधणारे प्रेस यांमुळे गावाला व्यापारी रूप आले. अडते, व्यापारी व सावकार हे वर्ग येथे सधन झाले. कापूस पिकविणारा मात्र बहुधा हंगामापुरताच पैसा पाहत असे.

राज्य पुनर्रचनेनंतर हा जिल्हा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. विदर्भातील इतर जिल्ह्यांप्रमाणे येथेही काँग्रेस पक्षाचा पाया भक्कम होता. जनसंघ हा या भागात प्रामुख्याने शहरी व व्यापारी वस्तीपुरता पक्ष समजला जाई. खेड्यातून, शेतकरी जातींतून आलेल्या तरुणाने त्या विचारधारेच्या पक्षात उभे राहावे, ही गोष्ट त्या काळी वहिवाटीची नव्हती. आणीबाणीनंतर विरोधी पक्ष जनता पक्षात विलीन झाले व १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत फुंडकर त्या पक्षाचे उमेदवार म्हणून खामगावातून विजयी झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी जुलैत शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) मंत्रिमंडळ स्थापन झाले आणि त्यात जनता पक्ष सामील असल्याने या नवख्या सदस्याला प्रारंभीच सत्ताधारी बाकांवर बसावयास मिळाले. त्यांच्या पुढील वाटचालीच्या संदर्भात हा योगायोग काहीसा गमतीचा वाटतो. फेब्रुवारी १९८० मध्ये ते मंत्रिमंडळ बरखास्त झाले आणि त्यानंतर राज्यातील सत्ताधारी बाकांवर येण्यास फुंडकरांना तीन तपांच्या आसपास काळ वाट पाहावी लागली.

एप्रिल १९८० मध्ये भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली व मेअखेरीस विधानसभेची निवडणूक झाली. या निवडणुकीत नव्या पक्षाला महाराष्ट्रात केवळ १४ जागा मिळाल्या. त्यांपैकी एक खामगावची होती. हा विजय १९७८ च्या विजयापेक्षा अधिक मोलाचा मानावा लागतो. कारण १९७८ मध्ये जनता लाट होती, १९८० मध्ये वारा पूर्णतः उलटा वाहत होता. पक्षाचे संघटक वसंतराव भागवत यांनी याच काळात शहरी पांढरपेशा वर्तुळापलीकडे जाऊन ग्रामीण व मागासवर्गीय जातींतील कार्यकर्ते पुढे आणण्याचे धोरण अवलंबिले. गोपीनाथ मुंडे, ना. स. फरांदे, अण्णा डांगे यांच्याबरोबर विदर्भातून फुंडकरांचे नाव या पिढीत घेतले जाते. मुंडे यांच्याइतकी राज्यव्यापी लोकप्रियता फुंडकरांना लाभली नाही. त्यांचा प्रभाव पश्चिम विदर्भापुरता राहिला. पण त्या टापूत तो खोलवर होता.

विधानसभेतील या दोन कारकिर्दींच्या काळात कापसाचा प्रश्न एकाधिकार खरेदी योजनेभोवती फिरत होता. १९७१ च्या अधिनियमानुसार १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यातील कापूस खरेदीचा अधिकार शासनाकडे घेण्यात आला. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवावे, हमीभाव द्यावा आणि रुई विकून नफा झाल्यास त्याचा वाटाही द्यावा, अशी ही कल्पना मूलतः उदात्त होती. प्रत्यक्षात केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागत; प्रतवारी करणाऱ्या ग्रेडरच्या शब्दावर भाव ठरे; चुकारे महिनोन्‌महिने रखडत; शेजारच्या राज्यांत भाव चढले, की कापूस चोरवाटांनी सीमेपार जाई आणि भाव उतरले, की तोच कापूस उलट दिशेने येऊन केंद्रांवर ओतला जाई. योजना नको, असे म्हणणे विरोधी पक्षातील ग्रामीण आमदाराला अवघड होते, कारण तिच्यामुळे शेतकऱ्याला निदान एक हक्काचे गिऱ्हाईक मिळाले होते. ती जशी चालली होती तशी चालू द्यावी, असे म्हणणेही तितकेच अवघड होते. १९८० नंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने उत्पादन-खर्चावर आधारित भावाची मागणी घेऊन विदर्भात जोर धरला, तेव्हा पक्षीय विरोधकांना शेतकऱ्यांच्या मैदानात आणखी एक समर्थ प्रतिस्पर्धी उभा राहिला. एकाधिकार योजना पुढे अनेक मुदतवाढी घेत चालली व २००२ नंतर खाजगी खरेदीस मोकळीक मिळून ती व्यवहारतः संपुष्टात आली.

याच सुमारास प्रादेशिक असमतोलाचा प्रश्न आकड्यांत मांडला गेला. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने पुढील वर्षी अहवाल दिला व राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा असून त्यातील सुमारे ३९ टक्के वाटा विदर्भाचा असल्याचे दाखविले. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून विदर्भातील लोकप्रतिनिधींच्या भाषणांचा कायमचा भाग झाला. सिंचन हा त्यातील सर्वांत दुखरा भाग. घाटाखालच्या मुलखासाठी पूर्णेवरील जिगाव प्रकल्प ही मोठी आशा होती; त्याचा मूळ अंदाज चारशे कोटी रुपयांच्या आत होता, पुढे तो अनेक पटींनी वाढत गेला आणि जिल्ह्यातील एक संपूर्ण राजकीय पिढी त्या धरणाच्या आश्वासनावर वावरली. संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदानुसार १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली व ती एप्रिल २०२० मध्ये संपली.

फुंडकरांच्या कारकिर्दीचा दुसरा टप्पा दिल्लीत गेला. बुलढाणा लोकसभा मतदारसंघ १९७७ पासून २००९ च्या निवडणुकीपर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता. त्यामुळे खामगावच्या या नेत्याला लोकसभेची वाट शेजारच्या अकोला मतदारसंघातूनच मोकळी होती. १९८९ मध्ये ते तेथून निवडून आले. महाराष्ट्रातून भारतीय जनता पक्षाला त्या वर्षी १० जागा मिळाल्या होत्या. १९९१ मध्ये काँग्रेसने राज्यातील ४८ पैकी ३८ जागा जिंकल्या व भारतीय जनता पक्षाच्या वाट्याला अवघ्या ५ आल्या. त्या पाचांत अकोला होते. पडत्या काळात जागा राखणारा उमेदवार, ही १९८० मध्ये मिळालेली ओळख अशा रीतीने पुन्हा पटली. १९९६ मध्ये ते तिसऱ्यांदा विजयी झाले. अकोल्याच्या निवडणुका या काळात काँग्रेस, भारतीय जनता पक्ष व प्रकाश आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालील बहुजन राजकारण अशा तिरंगी स्वरूपाच्या झाल्या. या विभागणीचा लाभ भारतीय जनता पक्षाला झाला, हे नाकारता येत नाही. १९९८ मध्ये रिपब्लिकन पक्ष व काँग्रेस यांचा समझोता झाला, तिरंगी लढतीचे गणित मोडले आणि अकोल्यातून आंबेडकर निवडून आले. १९९९ मध्येही ती जागा त्यांच्याकडेच राहिली.

लोकसभेतील या वर्षांची एक किंमत फुंडकरांना मोजावी लागली. १९९५ मध्ये शिवसेना–भारतीय जनता पक्ष युतीचे सरकार महाराष्ट्रात आले, तेव्हा पक्षातील त्यांचे समवयस्क सहकारी मंत्री झाले. फुंडकर त्या वेळी खासदार होते. युतीची सत्ता १९९९ मध्ये गेली. २००० ते २००३ या काळात ते पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते. सत्ता गमावलेल्या पक्षाची संघटना टिकविण्याचे हे काम फारसे झगमगाटाचे नव्हते. पुढे नितीन गडकरी हेही प्रदेशाध्यक्ष झाले.

फुंडकर पुढे विधानसभा-सदस्यांकडून विधान परिषदेवर निवडून गेले आणि एप्रिल २००५ पासून डिसेंबर २०११ पर्यंत त्या सभागृहात विरोधी पक्षनेते होते. या पदाला राज्यात १९७८ च्या कायद्याने मान्यता असून त्याचा दर्जा कॅबिनेट मंत्र्याचा असतो. पदाची प्रतिष्ठा मोठी असली, तरी सभागृहाचे अधिकार मर्यादित आहेत. अनुदानाच्या मागण्यांवर मतदान होते ते केवळ विधानसभेत. धनविधेयकाबाबत परिषद चौदा दिवसांत शिफारशी करू शकते, ते अडवू शकत नाही. तेव्हा परिषदेतील विरोधी नेत्याच्या हाती राहतात ती प्रश्नोत्तरे, लक्षवेधी सूचना आणि अधिवेशनाच्या अखेरीस मांडावयाचा अंतिम आठवडा प्रस्ताव. त्यांतून शासनाला उत्तर देणे भाग पडते, ते उत्तर कार्यवाहीत नोंदले जाते व पुढील अधिवेशनात त्याचा जाब विचारता येतो. नागपूर करारानुसार दरवर्षी नागपुरास भरणारे हिवाळी अधिवेशन हे विदर्भातील प्रश्नांचे हक्काचे व्यासपीठ असे. ते कापसाच्या हंगामातच येत असल्याने भाव, बोनस आणि चुकारे यांचे विषय सभागृहाबाहेरच्या मोर्चांबरोबर आतही येत.

विरोधी पक्षनेतेपदाची ही वर्षे पश्चिम विदर्भाच्या इतिहासातील अत्यंत दुःखद वर्षे होत. कर्जबाजारीपणा, नापिकी आणि पडलेले भाव यांमुळे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे प्रमाण वाढत गेले. राज्य शासनाने डिसेंबर २००५ मध्ये १,०७५ कोटी रुपयांची व पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या दौऱ्यानंतर जुलै २००६ मध्ये ३,७५० कोटी रुपयांची मदत-योजना जाहीर केली. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ व वर्धा हे सहा जिल्हे तिच्या कक्षेत होते. बँकेचे दार बंद झालेल्या शेतकऱ्याला सावकाराशिवाय आधार नव्हता. बुलढाणा जिल्ह्यातील सावकारीच्या तक्रारी हाताळताना राजकीय हस्तक्षेप झाल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये राज्य शासनावर १० लाख रुपयांचा खर्च बसविला. खामगाव परिसरातील परिस्थिती किती बिकट होती, याची ती न्यायालयीन नोंदच म्हणावी लागेल.

२००८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या कर्जमाफीने विदर्भात समाधानापेक्षा रोष अधिक निर्माण केला. तिच्यात संपूर्ण माफी होती, ती दोन हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्यांना. त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना एकरकमी परतफेडीवर २५ टक्के सूट देऊ केली होती. ओलिताच्या मुलखात पाच एकर जमीन एका कुटुंबाचे बऱ्यापैकी पोषण करते. वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याकडे आठ-दहा एकर पऱ्हाटी असूनही एखाद्या वर्षी बियाण्याचा खर्च निघत नाही. जमिनीच्या मोजमापावरून त्याला मोठा शेतकरी ठरविणे म्हणजे त्याचे दारिद्र्य कागदावरून पुसून टाकणे होय, ही विदर्भातील विरोधी पक्षांची प्रमुख तक्रार होती व ती रास्त होती. दोन हेक्टरांची ही रेषा फुंडकरांच्या चरित्रात पुढे आणखी दोनदा आडवी येते.

२०१४ मध्ये राज्यात देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखाली सरकार आले. त्याच निवडणुकीत फुंडकरांचे पुत्र आकाश फुंडकर खामगावमधून विधानसभेवर निवडून गेले. पहिल्या मंत्रिमंडळात मात्र पांडुरंग फुंडकरांना स्थान मिळाले नाही. जून २०१६ मध्ये एकनाथ खडसे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला व त्यांच्याकडील कृषिखाते मोकळे झाले. ८ जुलै २०१६ च्या विस्तारात फुंडकरांचा कॅबिनेट मंत्री म्हणून शपथविधी होऊन कृषी व फलोत्पादन ही खाती त्यांच्याकडे आली; शेतकरी चळवळीतून आलेले सदाभाऊ खोत हे त्या खात्याचे राज्यमंत्री झाले. खडसे यांचा मुक्ताईनगर मतदारसंघ बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरला लागूनच आहे. म्हणजे जिल्ह्याची सीमा ओलांडली, तरी कृषिखाते एकाच कपाशीच्या पट्ट्यात राहिले.

मंत्री झाल्यावर पहिल्या खरिपात पाऊस चांगला झाला आणि त्याच्या पोटीच पहिले संकट उभे राहिले. तुरीचे विक्रमी पीक आले, भाव आधारभूत किमतीच्या खाली कोसळले. खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या थप्प्या लागल्या, बारदाना संपला आणि एप्रिल २०१७ मध्ये मुदत संपल्याने केंद्रे बंद होताच मोठा असंतोष उसळला. कर्जमाफीची मागणी त्यापूर्वीच विधिमंडळात तापली होती. मार्च २०१७ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात या प्रश्नावरील गदारोळामुळे १९ विरोधी आमदारांना निलंबित करण्यात आले. ज्या बाकांवरून हीच मागणी पूर्वी भारतीय जनता पक्षाने केली होती, त्या बाकांवर आता काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस होती. १ जून २०१७ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांबे गावापासून सुरू झालेला शेतकरी संप पाहता पाहता राज्यभर पसरला. शेतकऱ्यांच्या सुकाणू समितीशी बोलणी करणाऱ्या मंत्रिगटात फुंडकर होते. ११ जून रोजी कर्जमाफीचे तत्त्व मान्य झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ या नावाने ३४,०२२ कोटी रुपयांची योजना जाहीर झाली.

या योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतचे थकीत कर्ज माफ होणार होते आणि जमीनधारणेची अट नव्हती. २००८ मध्ये आखलेली दोन हेक्टरांची रेषा येथे पुसली गेली, ही कोरडवाहू भागाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होय. परंतु एक अडसर दूर करताना दुसरे उभे राहिले. कुटुंब हा घटक धरणे, ऑनलाइन अर्जाची सक्ती, आधार जोडणी, बँकांच्या याद्यांतील गोंधळ यांमुळे अंमलबजावणी लांबत गेली. ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होईल असे घोषित झाले होते, प्रत्यक्षातील लाभधारक त्याहून बरेच कमी निघाले. योजनेची सूत्रे सहकार खात्याकडे होती, रोष मात्र कृषिमंत्र्याच्या वाट्यालाही आला.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. वाढलेली, माणसाच्या डोक्याइतकी उंच कपाशी, औषधांची मनमानी मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव आणि तालुका पातळीवर कृषी विभागाची दुबळी देखरेख ही कारणे चौकशीत पुढे आली. शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांची विक्री तात्पुरती थांबविली व मृतांच्या वारसांना मदत जाहीर केली. घटनांची दखल घेण्यास शासनाकडून विलंब झाला, ही टीका फुंडकरांना ऐकावी लागली. ती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. कीटकनाशकांची नोंदणी केंद्राच्या १९६८ च्या कायद्यान्वये होत असली, तरी दुकानांची तपासणी व परवाने हे राज्याच्याच यंत्रणेचे काम होते.

त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे अतोनात नुकसान केले. २००२ मध्ये बीटी कपाशी देशात आली, तेव्हा बोंडअळीपासून सुटका झाल्याचे समजले गेले होते. पुढे या अळीत प्रतिकारशक्ती निर्माण झाली. हंगाम संपल्यावर पाणी देऊन फरदड घेण्याच्या प्रथेमुळे अळीला वर्षभर खाद्य मिळत राहिले. वरून हिरवेगार दिसणारे बोंड फोडल्यावर आत सडलेली रुई निघे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात डिसेंबर २०१७ मध्ये फुंडकरांनी कोरडवाहू कपाशीस हेक्टरी ३०,८०० रुपये व बागायती कपाशीस ३७,५०० रुपये मदत जाहीर केली. या आकड्यांची घडण पाहण्याजोगी आहे. कोरडवाहू मदतीत ६,८०० रुपये आपत्ती निवारण निधीतून, ८,००० रुपये पीकविम्यातून आणि १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून मिळावयाचे होते. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम अशा पक्षाकडून यावयाची होती, ज्याने ती देण्याचे कबूल केले नव्हते. राज्याच्या २००९ च्या कापूस बियाणे कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद होती. कंपन्यांनी मात्र बियाणे सदोष असल्याचे नाकारले व दोष लागवडीच्या पद्धतीवर ढकलला. विमा न उतरविलेल्याला दुसरा हिस्साही मिळणार नव्हता. पुढील वर्षी टप्प्याटप्प्याने शेतकऱ्याच्या हाती पडली ती बव्हंशी आपत्ती निधीची रक्कम. विरोधी पक्षनेता असताना अशाच घोषणेचे पृथक्करण त्यांनी सभागृहात केले असते.

संकटांच्या या मालिकेत खात्याची काही दीर्घकालीन कामेही मार्गी लागली. गटशेतीला प्रोत्साहन देणारी योजना व ‘उन्नत शेती, समृद्ध शेतकरी’ ही मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली. त्यांहून दूरगामी ठरला तो जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. सुमारे ४,००० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात १५ जिल्ह्यांतील ५,१४२ गावे घेण्यात आली. त्यांत विदर्भ-मराठवाड्यातील दुष्काळप्रवण गावांबरोबर पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातील ९३२ गावे होती. पिण्याच्या पाण्यापुरतीच ज्या गावांची दखल घेतली जाई, त्यांच्या शेतीचा स्वतंत्र विचार एखाद्या मोठ्या प्रकल्पात होणे ही घाटाखालच्या भागासाठी नवी गोष्ट होती. याचे श्रेय एकट्या मंत्र्याला देता येत नाही. प्रकल्पाची आखणी त्यांच्या आधीपासून चालू होती.

३१ मे २०१८ रोजी पहाटे मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने फुंडकरांचे निधन झाले. खरीप हंगाम तोंडावर होता आणि शेतकरी संपाला वर्ष पूर्ण होण्यास एक दिवस उरला होता. दुसऱ्या दिवशी खामगाव येथे शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.

त्यानंतर काही आठवड्यांतच राज्य शासनाने ‘भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना’ सुरू केली. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीची परंपरा होती. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली मात्र वैयक्तिक लाभ मुख्यतः दोन हेक्टरांपर्यंतच्या अल्प व अत्यल्प भूधारकांना व काही ठराविक वर्गांना मिळतो. त्याहून थोडी अधिक कोरडवाहू जमीन असणारा शेतकरी येथेही बाहेर राहत असे. नव्या योजनेने नेमक्या याच शेतकऱ्याला जवळ केले. कोकणात १० हेक्टरांपर्यंत व उर्वरित महाराष्ट्रात ६ हेक्टरांपर्यंत लागवडीस अनुदान असून ते पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० टक्के व तिसऱ्या वर्षी २० टक्के असे, झाडे जगण्याच्या प्रमाणाशी जोडून, दिले जाते. आंबा, काजू, नारळ, संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू, डाळिंब, पेरू, सीताफळ, आवळा, चिंच, जांभूळ इ. सोळा बहुवार्षिक फळपिके तीत समाविष्ट आहेत. खारपाणपट्ट्यात यांपैकी थोडीच पिके साधतात, त्यामुळे फुंडकरांच्या स्वतःच्या मुलखातील गावांपेक्षा घाटावरील व इतर विभागांतील शेतकऱ्यांना या योजनेचा उपयोग अधिक आहे.

फुंडकरांनंतर कृषिखात्याचा अतिरिक्त कार्यभार चंद्रकांत पाटील यांच्याकडे गेला व जून २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अनिल बोंडे कृषिमंत्री झाले. खामगावची विधानसभेची जागा आकाश फुंडकर यांनी २०१९ व २०२४ मध्ये राखली. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचा राज्य मंत्रिमंडळात समावेश होऊन कामगार खाते त्यांच्याकडे देण्यात आले.